कोकिळेच्या लग्नाची भिंत

१२ एप्रिल १९८९, बुधवार. पाचोरा

जळगावहून दुपारच्या पॅसेंजरनं घरी आलो. चित्रकला शिक्षकांचा उद्बोधन वर्ग एकदाचा संपला. गेलो होतो तो भत्त्यासाठी, वहीत खोटं कशाला लिहू. आलो तो मात्र दुसराच माणूस होऊन.

मुंबईहून एक सर आले होते. नाव लांबलचक, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना मुंबईचे सरच म्हणत होतो. पहिले दोन दिवस त्यांनी पडद्यावर जे दाखवलं ते पाहून आम्ही मागच्या बाकावर खुदखुदत होतो. रिकाम्या खोल्या. एका ओळीत ठेवलेली लोखंडी खोकी, सगळी सारखी. पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेषा. आणि त्या रेषा चित्रकारानं मारलेल्याच नाहीत. त्यानं घरी बसून कागदावर लिहिलं, अशा अशा रेषा मारा, मारल्या दुसऱ्यांनी. खोकीवाल्यानं तर कारखान्याला फोन करून खोकी मागवली म्हणे. मी हात वर करून विचारलं, "सर, मग आमची मंडळी रोज वाण्याकडे यादी पाठवते, ती पण कलावंत का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "यादीमागे विचार असेल तर का नाही? चित्र आधी डोक्यात होतं. हात नंतर येतो, तो कोणाचाही चालतो. कल्पना ज्याची, चित्र त्याचं."

त्या रात्री मला झोप नाही. शाळेत मी चित्रकलेचा मास्तर, पण गावात मला ओळखतात ते लग्नाच्या भिंतींसाठी. पाचोऱ्यात कोणाकडेही लग्न निघालं की ओट्याची भिंत रंगवायला हिलाल बोरसे सरांना बोलावणं येतं. वर गणपती, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, खाली हत्ती, आणि मधोमध नवरा-नवरीची नावं. माझा हत्ती प्रसिद्ध आहे. सोंडेत हार धरलेला, डोळा मिचकावणारा. आता विचार केला तर तो सगळीकडे एकच हत्ती आहे. कल्पना शून्य.

घरी आल्याबरोबर लेकीला, कोकिळेला, हे सगळं सांगायला बसलो. ती मधेच नाशिकच्या ट्रेनिंगचं काहीतरी काढत होती, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली आहे त्याचं. मी म्हटलं, थांब गं, आधी खोक्यांचं ऐक.

१६ एप्रिल, रविवार

आमच्याच घरी लग्न आहे हे चार दिवस विसरलो होतो. पुष्पानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, आठवण करून दिली, आणि ती आठवण कशी करून देते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

कोकिळेचं शिरपूरला ठरलं आहे. माझे मेव्हणे देवचंद नाना मधे पडले. घर चांगलं, कापसाचा व्यापार, मुलगा जिजाबराव एकुलता. वडील रुपचंद आबा मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी एकच गोष्ट स्पष्ट सांगितली, आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत. आम्ही म्हटलं, बरं. लग्न २४ मे ला.

"गावातल्या पोरींना एकेक हत्ती दिलात," पुष्पा म्हणाली, "आपल्या पोरीला दोन पाहिजेत. समोरासमोर. आणि मोर."

मी सरांचा 'मिनिमल' शब्द, म्हणजे कमीत कमी दाखवायचं, समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रंग कमी लागतो का?" हो म्हटलं. म्हणाली, "मग दुसऱ्यांच्या भिंतीवर करा."

संध्याकाळी भिंत मोजली. कोकिळा टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. म्हणाली, "बापू, शिरपूरच्या घरी मला नाही जमणार असं वाटतं." मी म्हटलं, सगळ्याच पोरींना वाटतं तसं, टेप ताणून धर. माप बरोबर निघालं.

२१ एप्रिल, शुक्रवार

भिंत झाली. शाळेच्या परीक्षा सांभाळून चार दिवस राबलो. गणपती, भालदार, चोपदार, दोन हत्ती, मोर, केळीचे खांब, आणि मधे 'चि. जिजाबराव आणि चि. सौ. कां. कोकिळा'. गल्ली लोटली पाहायला. समोरच्या भागाबाई म्हणाल्या, "सर, हत्ती आते चालाले लागी असा वाटस." उखर्डू आबा काठी टेकत आले, अर्धा तास बसले.

आणि मी घरात येऊन पाणी पिऊन बसलो तर मला त्या भिंतीची लाज वाटायला लागली. खरंच सांगतो. एवढं सगळं दाखवायचं, आणि सांगायचं काय तर लग्न आहे. ते तर मांडवावरूनच कळणार.

जेवताना सहज कोकिळेला विचारलं, "तुला कशी वाटली?" तिचा चेहरा बघत होतो. ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. मग म्हणाली, "बापू, हत्ती जरा जास्त होतायत का?"

मी ताटावरून उठलोच. वर्गात चाळीस मास्तर होते, आठ दिवस बसून एकाला जे कळलं नाही ते माझ्या पोरीला भाकरी मोडता मोडता कळलं. रक्त आहे शेवटी.

२३ एप्रिल, रविवार

हत्ती गेले. पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले. पुष्पा तोंडाला पदर लावून ओट्यावर उभी होती. मग पदर काढला आणि बोलली. ते इथे लिहीत नाही.

मी हळूच म्हटलं, "कोकिळाच म्हणाली." पुष्पानं कोकिळेकडे बघितलं. कोकिळा म्हणाली, "आई, खरंच बरं दिसतंय. मोकळं मोकळं." त्यावर पुष्पा गप्प बसली. ती एवढ्यात गप्प बसत नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं.

२७ एप्रिल, गुरुवार

एकदा कमी करायला लागलं की थांबावं कुठे हा प्रश्न मोठा कठीण आहे. मुंबईच्या सरांनी हे सांगितलं नव्हतं.

मंगळवारी भालदार-चोपदार काढले. काठ्या घेऊन उभे असतात, कोणाची वाट अडवतात कळत नाही. हे कोकिळेचं वाक्य, माझं नाही. काल मोर गेला, आज केळीचे खांब. रोज शाळेतून आलो की ती चहा देते आणि आम्ही दोघं समोरच्या ओट्यावर बसून भिंत बघतो. ती म्हणते, अजून काय? मी म्हणतो, तू सांग. ती सांगते. मी डबा उघडतो. इतके चांगले दिवस मी पूर्वी कधी काढले आठवत नाही. लहानपणी ती माझ्याबरोबर भिंती रंगवायला यायची, मग कॉलेजात गेली आणि आमचं बोलणं 'जेवलीस का' एवढ्यावर आलं होतं. आता कलेनं पुन्हा जोडलं.

आज मात्र तिनं मला पेचात टाकलं. "बापू, कामचुकार माणसाची पण भिंत रिकामीच असते. मग त्याची आणि तुमची, फरक कसा कळणार?"

मी विचार करून सांगितलं, "रिकामी का ठेवली हे ज्याला माहीत आहे, त्याची ती कलाकृती. बाकीच्यांची नुसती भिंत."

"आणि ते दुसऱ्या कोणाला कळलंच नाही तर?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं," मी म्हटलं. ती हसली. किती दिवसांनी अशी हसली. मग चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "बापू, नाशिकचं ट्रेनिंग बारा जूनला सुरू होतंय. मला जायचंय. लग्न नकोय मला हे." मी तेव्हा गणपतीकडे बघत होतो, तो ठेवायचा की नाही यात गुंतलो होतो. म्हटलं, हो, बघू. देव आहे, घाई करून चालणार नाही.

१ मे, सोमवार

झेंडावंदन, निकाल, आणि घरी येऊन गणपतीला नमस्कार करून मी तो काढला. पाप लागेल असं वाटलं. पण विचार असा केला की देव भिंतीवर मावतो हीच मुळात आपली समजूत.

आता नुसती नावं राहिली आहेत. पांढऱ्यावर लाल, दोन नावं, मधे 'आणि'. मला वाटलं झालं, इथे थांबावं. कोकिळेनं मान तिरकी करून बघितलं. म्हणाली, "डावीकडचं नाव जड नाही वाटत?"

खरंच की. जिजाबराव. नुसते काने आणि वेलांट्या, सगळा भार तिकडे जातो. कोकिळा त्यापेक्षा कशी आटोपशीर. समतोल ढळलेला होता आणि मला, चित्रकलेच्या मास्तरला, दिसला नव्हता.

"मग काढू?"

"तुम्हाला काय वाटतं ते करा, बापू. मी कोण सांगणारी."

काढलं. मग तिचं एकटीचं नाव 'आणि' ला धरून लोंबकळायला लागलं, ते तर फारच वाईट दिसत होतं. तेही काढलं. दिवेलागणीला भिंत पूर्ण पांढरी झाली.

४ मे, गुरुवार

तीन हात दिले. काय सांगू. सकाळी ऊन पडतं तेव्हा भिंत जरा पिवळसर दिसते, दुपारी डोळे मिटायला लावते, संध्याकाळी निळी होते. हत्ती होता तेव्हा हे काही दिसत नव्हतं. मुंबईच्या सरांना कार्ड टाकलं. ते सध्या धुळ्याच्या वर्गात आहेत. लिहिलं की परत जाताना वाट वाकडी करून पाचोऱ्याला याच, एक गोष्ट दाखवायची आहे.

आणि गल्ली. मला वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही. ज्या गल्लीत दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्याला पंचायत, तिथे लोक माझ्या भिंतीसमोर येऊन गुपचूप उभे राहतात. मान हलवतात, उसासा टाकतात आणि पुढे जातात. भागाबाईंच्या तर डोळ्यांत पाणी होतं. शुद्ध रूप पाहून माणसाला असं होतं असं सर म्हणाले होते, मला वाटलं होतं ते मुंबईतच होत असेल.

उखर्डू आबा आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "सर, मनले लाई लेऊ नका. व्हई जाई बठ्ठं नीट." मी म्हटलं, आबा, झालंच आहे सगळं नीट, आता काही करायचं राहिलं नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि डोळे पुसत निघून गेले.

६ मे, शनिवार

एक शंका. दुकानावर गेलो तर वाणी साखर तोलता तोलता म्हणाला, "मांडववाल्याला सांगितलं का सर?" म्हटलं, काय सांगायचं? तो ओशाळला, पुडी बांधून दिली.

शाळेतही हेडमास्तर फार गोड बोलले. माझ्याशी ते गोड बोलत नाहीत.

८ मे, सोमवार. आखाजी

अक्षय्य तृतीयेचा सण आणि घरात हे.

गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आल्या आहेत. लिंबाला झोके बांधले, सकाळपासून गाणी चालली होती. पुष्पा सांजोऱ्यांचं ताट घेऊन गेली. ती झोक्याजवळ पोचली आणि गाणं थांबलं. मग भागाबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पुष्पाबाई, कसं मोडनं वं? पोरगं वाईट व्हतं का?"

पुष्पा ताट घेऊन तशीच परत आली. सांजोऱ्या जागेवर. ओट्यावर उभी राहून तिनं भिंतीकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होती. मग मला विचारलं, "अहो, सोयरीक मोडली की तुम्ही लोकांच्या भिंतीवरची नावं काय करता?"

मी म्हटलं, "चुना फिरवतो."

आणि म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं.

मी सांगायचा प्रयत्न केला की चुना वेगळा आणि हे वेगळं. चुना म्हणजे झाकणं. हा डिस्टेंपर आहे, तीन हात दिलेला, यात झाकायचं काही नाही, यात मुळात पांढरेपणच सांगायचं आहे. पुष्पा म्हणाली, "गल्लीला सांगा." मी ओट्यावर आलो. झोक्यावरच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. परत आत गेलो.

गावातल्या मोडलेल्या प्रत्येक सोयरिकीच्या नावांवर चुना फिरवायला मलाच बोलावतात. ही रीत माझ्याइतकी कोणाला माहीत? आणि मलाच दिसलं नाही. आपण रोज ज्या खांबाला टेकतो त्यालाच एक दिवस डोकं आपटतं, तसं झालं.

दुपारी देवचंद नाना धुळ्याहून तणतणत आले. शिरपूरचा कोणी पाव्हणा आखाजीसाठी पाचोऱ्याला आला होता, त्यानं भिंत बघून तिकडे फोन केला. रुपचंद आबांचं म्हणणं, मोडायचं तर तोंडावर सांगायचं होतं, भिंतीवर काय सांगता. नाना मला म्हणाले, "दाजी, तुम्हाला वेड लागलंय का?" पुष्पा म्हणाली, "त्यांना विचारू नका नाना, ते हो म्हणतील."

कोकिळा या सगळ्यात आत बसून आंबे पिळत होती. रस फार चांगला झाला होता. जेवलं कोणी नाही.

११ मे, गुरुवार

नानांनी वाट काढली आहे. रविवारी रुपचंद आबांना घेऊन येतो म्हणाले. मी एवढंच सांगायचं, की ही माझी कला, मास्तराचं खूळ, यात पोरीचा काही संबंध नाही. आबा ऐकतील. माणूस समंजस आहे, आणि पत्रिका वाटून झाल्या आहेत.

खरं तर हे माझ्या फायद्याचंच आहे. मुंबईच्या सरांचंही उत्तर आलं, तेही रविवारीच दुपारी उतरतायत. लिहितात, तुमच्या कार्डातल्या वर्णनावरूनच उत्सुकता वाटते, फोटो काढून मुंबईत व्याख्यानात दाखवीन, खाली तुमचं नाव. पाचोऱ्याच्या हिलाल बोरसेचं नाव मुंबईत. हे वाचून मी कार्ड दोनदा खिशात ठेवलं आणि दोनदा बाहेर काढलं.

पुष्पा तीन दिवस बोललेली नाही. म्हणून कोकिळेशी बोलायला गेलो. म्हटलं, "आपली भिंत कोणाला कळली नाही गं. तुला आणि मला सोडून."

ती म्हणाली, "कळली की. सगळ्यांना कळली. तुम्हालाच कळली नाही, बापू."

म्हटलं, म्हणजे काय?

"तीनदा सांगितलं मी तुम्हाला. जळगावहून आलात तेव्हा सांगायला लागले, तर खोकी. टेप धरून सांगितलं, तर म्हणालात ताणून धर. मधे एकदा सरळ सांगितलं, लग्न नको, तर म्हणालात बघू, देव आहे. आईला सांगितलं, ती म्हणाली तुझ्या बापूंना विचार. पण हत्तीचं विचारलंत तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला वाटलं, यांना भिंतीचंच ऐकू येतं, तर भिंतीवरूनच बोलावं."

मला आधी राग आला. तो लिहून ठेवतो. माझी एकुलती एक शिष्या, आणि तिला चित्रकलेत काडीचा रस नाही. रोज संध्याकाळी आम्ही समोरच्या ओट्यावर बसायचो तेव्हा मी समतोल बघत होतो आणि ती नाशिक बघत होती. मला पोरीनं फसवलं, असं मनाशी चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा म्हणता आलं नाही. तिनं काय लपवलं होतं? सगळं भर गल्लीत, उन्हात, तीन हात देऊन मांडलेलं होतं. आणि ते हात माझेच होते.

विचारलं, "आणि आता रविवारी काय सांगू?"

"मला माहीत नाही, बापू. तुम्हाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." घडी घातलेले कपडे तिनं मोडून पुन्हा घडी घालायला घेतले. ही पोर घाबरली होती, आणि हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

१४ मे, रविवार

सगळं लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

मुंबईचे सर आधी आले. स्टेशनवरून रिक्षानं. खांद्याला कॅमेरा. भिंतीसमोर उभे राहिले, मागे गेले, पुढे आले, पार गटारापर्यंत मागे गेले. म्हणाले, "बोरसे, काही नाही आणि सगळं आहे." एरवी मी या वाक्यावर वर्षभर जगलो असतो.

तेवढ्यात जीप आली. नाना, रुपचंद आबा आणि त्यांचा एक भाऊ. जिजाबराव नव्हता. आबा उतरले आणि त्यांनी पाहिलं की एक पँटशर्टातला माणूस पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतोय. नानांना विचारलं, "हाई कोन शे?"

"मुंबईचे आहेत आबा. भिंत बघायला आलेत."

आबांनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सरांना वाटलं जाणकार दिसतात. म्हणाले, "बघा ना, काहीच नाही."

"आम्हनं बी तेच म्हननं शे," आबा म्हणाले. "काहीच नही."

ओट्यावर बाज टाकली. पुष्पानं चहा आणला, आबांना वाकून नमस्कार केला, दाराशी उभी राहिली. तिच्या मागे कोकिळा. अख्खी गल्ली आपापल्या ओट्यांवर काहीतरी निवडत बसली होती. इतके तांदूळ या गल्लीत कधी एकदम निवडले गेले नसतील.

नाना सुरू झाले. दाजींना चित्रकलेचं वेड आहे, जळगावला वर्ग झाला, हे सगळं त्यातलं आहे, हे पाव्हणे मुंबईहून त्याच्यासाठीच आलेत, बघा. सर माना डोलवत होते. त्यांना काही माहीत नव्हतं आणि ते नानांची बाजू उत्तम मांडत होते. "अतिशय महत्त्वाचं काम आहे," ते आबांना म्हणाले. आबांचा चेहरा सैल झाला. मला दिसत होतं, लग्न परत लागत होतं. आणि माझं चित्र मुंबईला निघालं होतं. दोन्ही एकाच गाडीनं.

आबांनी कप खाली ठेवला. "सर, माले तुमनी कला समजत नही. पन एक सांगा सरळ. हाई भिंत धवळी करानं डोकं कोन्हं?"

आणि सरांनी कॅमेऱ्यातून मान वर काढली. "हो, मलाही हेच विचारायचं होतं. कल्पना सुचली कशी तुम्हाला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. नाना डोळ्यांनी खुणावत होते. पुष्पानं पदर मुठीत धरला होता. माझ्या जिभेवर 'माझी' होतं. खोटंही नव्हतं ते पूर्ण. डबा मी उघडला, ब्रश मी फिरवला, पुष्पाच्या शिव्या मी खाल्ल्या. मी दाराकडे बघितलं. कोकिळा माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. तिनं आशा सोडून दिली होती, बाप काय बोलणार हे तिला माहीत होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "आबा, कल्पना कोकिळेची. आधी हत्ती काढायला लावले, मग एकेक सगळं. शेवटी नावं. मी नुसता रंग लावला. तिला हे लग्न नको आहे. तिनं मला तीनदा सांगितलं, मी कान दिला नाही. म्हणून तिनं हे असं सांगितलं. खुळा मी आहे, पण भिंत खुळी नाही. भिंत खरं बोलतेय."

गल्लीतले तांदूळ थांबले. नानांनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "वा," आणि मग त्यांना कळलं की हे वा म्हणायचं ठिकाण नाही, आणि त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

आबा उठले. मला वाटलं आता ऐकायला लागणार. ते दारापर्यंत गेले, कोकिळेला म्हणाले, "माय, नोकरीनं म्हनीसन का आम्हना पोऱ्यानं?"

कोकिळा म्हणाली, "नोकरीचं, आबा. त्यांचं काही नाही. त्यांना तर मी धड बघितलंपण नाही."

"त्यानी बी नही," आबा म्हणाले. "घरमा येवाना आधी सांगं, हाई बरं करं. पन आते माले शिरपूरमा चार लोकेसले तोंड दावनं शे, ते सोपं नही." मला नमस्कार न करता जीपमध्ये बसले. ते त्यांनी बरोबरच केलं. नाना पण गेले, जाताना पुष्पाला म्हणाले की यापुढे तुझ्या घरच्या कार्यात मला बोलावू नकोस.

सरांनी जाताना विचारलं, फोटोखाली नाव कोणाचं घालू. मी कोकिळेला बोलावलं. ती म्हणाली, फोटो दाखवू नका सर, जिजाबरावांच्या घरच्यांना वाईट वाटेल. सरांनी मान हलवली. माझं मुंबईतलं नाव असं पाचोरा स्टेशनापर्यंतही पोचलं नाही.

सगळे गेल्यावर पुष्पा रडली. भांडी ठरलेली, लुगडी आणलेली, लोकांना काय सांगू, आणि माझी पोर मला का बोलली नाही. कोकिळा म्हणाली, बोलले होते आई. पुष्पा आणखी रडली. मग तोंड धुऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाशिकला राहायचं कुठं, जेवायचं कुठं, ते तरी विचारा तिला."

कोकिळा चहाचे कप गोळा करत होती. ते तिच्या हातातून घेतले आणि तिला बाजेवर बसवलं. मी समोर बसलो, भिंतीकडे पाठ करून. म्हटलं, "टेलिफोन ऑफिसात नेमकं काय काम असतं गं? पहिल्यापासून सांग."

सांगायला तिला बराच वेळ लागला, कारण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं आणि मी सारखं मधे विचारत होतो.